भुरीची हाक

१

दातवाली हे नाव तिला गल्लीनं ठेवलं होतं, आणि तिची त्याला हरकत नव्हती. ती कवळ्या बनवायची. दंतवैद्य लोकांच्या हिरड्यांचे ठसे पाठवायचे. त्यात प्लास्टर ओतून ही साचा काढायची, गुलाबी मेणात एकेक दात रचायची आणि ज्या तोंडाला कधी भेटली नाही त्याला हसू तयार करून द्यायची. वरच्या मजल्यावर खिडकीशी तिचं टेबल होतं. या कामानं तिला एक खोड लागली होती. माणूस समोर आला की आपण त्याच्या डोळ्यांकडे बघतो, ही आधी दात बघायची. लग्न ठरताना नवऱ्याचेही तिनं आधी दातच पाहिले होते. दात चांगले निघाले, बाकीचं नंतर कळलं.

नवरा लिफ्ट बसवायच्या कामावर होता. आज या शहरात, उद्या त्या. त्यामुळे घरात खरी राहणारी चौघंच: दातवाली, नवऱ्याची म्हातारी आत्या, भुरी आणि शेठ. शेवटची दोन मांजरं.

भुरी शिकारी होती. घरामागच्या भिंतीपलीकडे रान माजलेलं होतं, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीची जाळी एका कोपऱ्यात फाटलेली. तिथून ती रोज काही ना काही घेऊन यायची. उंदीर, चिचुंद्री, बेडूक, कधी सरडा, कधी घरट्यातून पडलेलं खारीचं पिल्लू. शेठ मात्र नावाप्रमाणे शेठ. त्यानं जन्मात माशी मारली नव्हती. जेवणाच्या वेळी यायचं, ताटलीकडे नाराजीनं बघायचं आणि सगळं चाटूनपुसून खायचं, एवढाच त्याचा उद्योग.

दातवालीनं यावर एक पद्धत बसवली होती. मेलेलं असेल तर कागदात गुंडाळून बाहेर. जिवंत असेल तर त्यावर एक जुनं काचेचं भांडं पालथं घालायचं, खालून पुठ्ठा सरकवायचा आणि भिंतीपलीकडे नेऊन सोडायचं. भुरीची त्यावर कधी तक्रार नसे. नवी शिकार आणली की ती म्याव म्हणत नसे. घशातून एक घुमता, गोल आवाज काढायची, थांबायची, पुन्हा काढायची. आईनं खेळणाऱ्या पोरांना जेवायला हाक मारावी, अगदी तसा.

"बघ, मला बोलावतेय," दातवाली कौतुकानं म्हणायची. "जीव आहे तिचा माझ्यावर."



२

एका दुपारी दातवाली काम आटोपून खाली आली, तर घरातल्या अरुंद बोळात उंदीर पडलेला. जिन्याखाली जी अडगळीची खोली होती, तिच्या दाराशी. रोजचंच, म्हणून तिनं कागद घेतला, वाकली आणि तशीच थांबली.

उंदीर ओला होता. ओला आणि चपटा. कुठे रक्त नाही, भोक नाही, ओरखडा नाही. अंगावरचे केस एका बाजूला चिकटून बसले होते आणि आतली बारीक हाडं मोडलेली हाताला कळत होती. लहान मूल कापडाचं टोक चोखून चोखून टाकून देतं, तसा तो उंदीर झाला होता.

आता दुसऱ्या कुणी तो उचलून फेकला असता. पण चावा हा दातवालीच्या पोटापाण्याचा विषय. मांजर कितीही लाडात खेळलं तरी सुळ्याची खूण राहतेच, हे तिला ठाऊक होतं. इथे सुळा तर सोडाच, एका दाताचीही खूण नव्हती. पाण्यात पडला असेल, तिनं स्वतःला समजावलं. एखाद्या गाडीखाली आला असेल. गाडीखाली आलेला उंदीर आतून फुटतो, हा फुटलेला नव्हता, पण तिनं तेवढ्यावरच विषय मिटवला.

मग काही दिवसांनी बेडूक सापडला. तिथेच, त्याच दाराशी, तसाच चघळलेला. त्यानंतर चिमणी, पिसं लाळेनं एकत्र झालेली. दातवाली ती चिमणी हातात घेऊन उभी राहिली आणि तिच्या मनात वाक्य आपोआप तयार झालं. हे दात नसलेल्या तोंडाचं काम आहे.

आणि या घरात दात नसलेलं तोंड एकच होतं. आत्याची कवळी दातवालीनंच केली होती, स्वतःच्या हातानं, जीव ओतून. पण दुपारी आत्या ती काढून वाटीत पाण्यात ठेवायची.

"शी!" दातवाली मोठ्यानं म्हणाली. स्वतःचीच तिला लाज वाटली. ज्या बाईनं आपल्या नवऱ्याला आईमागे वाढवलं, जिच्या घरात आपण राहतो, तिच्याबद्दल हे मनात येतंच कसं? पण शंकेची पाल एकदा चुकचुकली की तिला हाकलायला झाडू चालत नाही.

३

मग ती बघायला लागली. बघायला लागलं की दिसतं, हेच तर वाईट.

आंघोळ-जेवण सोडलं तर आत्या दिवसभर बोळात बसायची. घरात हवेशीर खोल्या दोन असताना त्या अंधाऱ्या बोळात, अडगळीच्या दाराला पाठ लावून, एका जड लाकडी खुर्चीत. त्या दाराची कडी कधीची तुटलेली होती. नवरा साऱ्या जगाच्या लिफ्टची दारं बसवत फिरायचा आणि घरची कडी मात्र "या खेपेला नक्की" म्हणून ठेवून जायचा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

"आत्या, इथे काय बसता? खिडकीशी बसा ना, उजेड आहे."

"मला इथे बरं वाटतं."

"इथे वारासुद्धा येत नाही."

"येतो," आत्या म्हणाली. "पाठीला लागतो."

अडगळीच्या खोलीला खिडकी नव्हती. 

पण आत्या खुर्चीतून कधी उठते, हे तिला कळायला लागलं. बोळात भुरीची हाक आली, तो घुमता गोल आवाज आला, की आत्या लगबगीनं उठायची. एरवी गुडघे धरून उठणारी बाई हाक ऐकून मात्र पोरीसारखी उठायची. मग दातवाली खाली पोचेपर्यंत भुरीचं तोंड रिकामं असायचं आणि आत्या पुन्हा खुर्चीत, हात पदराखाली.

एकदा ती कवळ्या पोचवून नेहमीपेक्षा लवकर परतली. दार स्वतःच्या किल्लीनं उघडलं. आत्या बोळाच्या मधोमध उभी होती. मुठीतून उंदराची शेपटी लोंबत होती. उंदीर ओला होता. आणि आत्याचं बोळकं तोंड सारखं हलत होतं, आत काहीतरी असल्यासारखं.

तसं ते नेहमीच हलायचं. कवळी काढली की बहुतेकांचं हलतं. दातवालीला हे दुसऱ्या कुणीही सांगायची गरज नव्हती. पण त्या क्षणी ते आठवलं नाही.

"काय करताय, आत्या?"

"काढून घेतला," आत्या म्हणाली. तिला धाप लागली होती.

"कोणाकडून?"

आत्यानं आधी अडगळीच्या दाराकडे पाहिलं, मग सुनेकडे. सुनेच्या चेहऱ्यावर जे होतं ते तिनं वाचलं असावं, कारण तिचे खांदे पडले.

"मांजराकडून," ती म्हणाली. "आणखी कोणाकडून?"

भुरी त्या वेळी स्वयंपाकघरात पाणी पीत होती. तिच्या जिभेचा आवाज दोघींनाही ऐकू येत होता.

४

शेठला लस टोचायला नेलं, तेव्हा दातवालीनं जनावरांच्या डॉक्टरला सहज विचारावं तसं विचारलं, की मांजर शिकार घरात का आणतं.

"पिल्लांना शिकवायला," डॉक्टर म्हणाला. "रीतसर शाळा असते त्यांची. आधी मेलेलं आणून देते, चाटायला, चोखायला. मग अर्धमेलं, पळता न येणारं, म्हणजे पिल्लाला पंजा मारून बघता येतो. शेवटी जिवंत."

"पण आमच्या भुरीला पिल्लं झालीच नाहीत. लहानपणीच ऑपरेशन केलं तिचं."

"मग तुम्ही तिचं पिल्लू! तुम्हाला अजून शिकार जमत नाही, असं तिचं मत आहे." तो हसला. त्याची वरची एक दाढ किडली होती. दातवालीही हसली.

घरी येताना मात्र हसू मावळलं. कारण आता आठवलं, की भुरीनं शिकार कधी वर तिच्या टेबलाशी आणली नव्हती. पलंगाशी नाही, पायाशी नाही. हाक ऐकून ही खाली धावायची, एवढंच. भुरी हाक मारायची ती बोळात, त्या दाराकडे तोंड करून. आणि दाराला पाठ लावून आत्या बसलेली असायची.

म्हणजे मांजर आत्याला भरवतंय, असं दातवालीनं ठरवलं. आणि आत्या खातेय. सगळं जुळलं. संशयाचं हे एक बरं असतं, त्यात काहीही जुळतं.

नवरा आला त्या संध्याकाळी तिनं सगळं सांगितलं. तो आधी चिडला, मग हसला.

"तू खाताना पाहिलंस तिला?"

"हातात पाहिला. ओला. अजून काय बघायचं राहिलं?"

"पराचा कावळा करतेस. अगं, तिनं मला वाढवलंय."

"म्हणूनच सांगते ना. वय झालंय, डोकं साथ देत नाहीये. उद्या काही विषारी पोटात गेलं तर कोणाला तोंड दाखवणार तू? तुझ्या बहिणीकडे राहू दे थोडे दिवस. तिथे माणसं आहेत लक्ष ठेवायला."

नवऱ्यानं डोकं दोन्ही हातांत धरलं. "आपलेच दात, आपलेच ओठ," तो म्हणाला. पण सकाळी त्यानं बहिणीला फोन केला.

५

 स्वतःच्याच घरातून आपल्याला काढतात हे आत्याला कळत होतं, आणि का काढतात तेही. पिशवी भरली, कवळी बसवली. गाडी दाराशी आल्यावर मात्र तिनं सुनेचा हात धरला. पकड घट्ट होती.

"खुर्ची हलवू नकोस."

"नाही हलवणार."

"वर काहीतरी जड ठेव. तुझ्या प्लास्टरचं पोतं ठेव. मी वजनाला काही फार नव्हते, पण मी जागी असायचे."

"बरं, आत्या."

"वेडी म्हण मला, पण ठेव."

दातवालीनं मान हलवली. गाडी वळल्यावर ती आत आली, बोळातला दिवा लावला आणि तिला मोकळं मोकळं वाटलं. वाईटही वाटलं, पण मोकळं जास्त. खुर्ची तिनं साबणानं धुतली आणि उन्हात वाळवली. रुंद पाठीची, मजबूत खुर्ची. अशी आता कोण बनवतं? वर टेबलाशी नेली. तिच्यात बसून दात रचायला पाठीला फार आराम पडायचा.

६

दोन-चार दिवस छान गेले. नवरा पुन्हा कामावर गेला. बोळात भुरीची शिकार दिसेनाशी झाली, आणि दातवाली मनात म्हणाली, पाहा, खाणारं गेलं, आणणारं थांबलं.

मग एका दुपारी खालून हाक आली. घुमती, गोल. थांबली. पुन्हा आली. आणि तिच्यामागोमाग दुसरी हाक, जाड, बेसूर, नवशिकी. शेठची.

शेठनं शिकार आणली होती! दातवालीला हसूच आलं. ती जिना उतरली तेव्हा दोघं बोळात शेजारी शेजारी बसली होती, तोंडं रिकामी, शेपट्या पायांभोवती. अडगळीचं दार बोटभर उघडं होतं. दाराशी सशाचं पिल्लू होतं. म्हणजे त्याचा निम्मा भाग होता.

तुटलेली कडा दातवालीनं नुसती पाहिली, आणि तिचे हात आपल्याच सवयीनं कामाला लागले. वरून मेणाची पट्टी आणली, गरम पाण्यात मऊ केली, कडेवर दाबली. थंड झाल्यावर अलगद सोडवली. मग टेबलाशी बसून त्यात प्लास्टर ओतलं. ते घट्ट होईपर्यंत ती खुर्चीत दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिली. खाली काही आवाज नव्हता.

साचा सुटला. तिच्या अंगठ्याएवढी कमान होती. आत्याचा साचा फळीवर होता. शेजारी ठेवून बघायचीही गरज नव्हती. आत्याचा जबडा याच्या तिप्पट. मांजराची कमान लांबट असते, ही गोल होती. बहुतेक नुसतीच हिरडी, गुळगुळीत. आणि पुढे, खालच्या बाजूला, दोन दात. नुकते फुटलेले, कडा अजून न झिजलेल्या.

सगळ्या बाळांचे आधी खालचेच दोन येतात.

तिनं साचा पालथा घातला. मग बॅटरी घेऊन खाली गेली, कारण डोकं ठिकाणावर असलेल्या माणसानं जाऊन बघायला हवं. दार उघडलं. रंगाचे डबे, मोडका पंखा, जुन्या बॅगा, सगळं जागच्या जागी. खोलीची पाठ जिन्याखाली उतरत जाते आणि शेवटी गुडघ्याएवढी होते. तिथे उजेड नीट पोचत नव्हता. तिथे एक जुनी चादर होती. चादरीत मधोमध खळगा होता. खळग्याभोवती धुळीचा कण नव्हता, जमीन चाटून ठेवल्यासारखी स्वच्छ.

तिनं वाकून हात पुढे केला. खळगा ऊबदार होता.

मांजरंच झोपत असतील, ती स्वतःला म्हणाली. दार ओढून घेताना तिनं मागे वळून बघितलं. दोन्ही मांजरं बोळात होती आणि तिच्याकडे बघत होती. ओरडा खाल्लेल्या मांजरांसारखी नव्हे. ही किती हळू चालते, याचा अंदाज घ्यावा तशी.

७

ती वर पळाली आणि नणंदेच्या घरी फोन लावला. आत्यानंच घेतला.

"आत्या, मी..." दातवालीला माफी मागायची होती, आणि विचारायचंही होतं. "आत्या, चुकलं माझं. मी तुमच्यावर नाही नाही ते..."

"ते राहू दे," आत्या म्हणाली. "काय आणलं आज?"

"ससा."

"मेलेला?"

"माहीत नाही. निम्माच होता."

पलीकडे आत्याचा श्वास ऐकू येत होता.

"तुम्ही का नाही सांगितलंत मला?"

"काय सांगू? मी तरी कुठे पाहिलंय? पाठीला श्वास लागायचा. शिकार आत गेली की ते वाढायचं, म्हणून जाऊ द्यायची नाही. कधी फटीतून निम्मी ओढून घेतलेली असायची. मग मी परत ओढायची." आत्या थांबली. "खुर्ची कुठे आहे?"

दातवाली त्याच खुर्चीत बसली होती.

"पोरी, खुर्ची कुठे आहे?"

"आणते," ती म्हणाली. फोन टेबलावर तसाच टाकून तिनं खुर्ची उचलली.

खुर्ची जड होती. दोन्ही हातांनी छातीशी धरली की पायाखालचं दिसत नव्हतं. ती पायरी चाचपत उतरत होती. खालून उन्हाची तिरीप येत होती, गल्लीत कुणीतरी भांडी घासत होतं, दुपार अगदी नेहमीसारखी होती. निम्मा जिना उतरल्यावर पायात काहीतरी मऊ, जड आलं. शेठ. तो कधी जिन्यावर बसत नसे, एवढं चढायचे कष्ट त्याला झेपत नसत.

खुर्ची आधी गेली, मग ती. खाली बोळात पडली तेव्हा घोट्यातून काटकी मोडल्यासारखा आवाज झाला. खुर्चीची पाठ निखळून भिंतीशी पडली होती.

तिनं उठायचा प्रयत्न केला. पाय टेकवत नव्हता. वर टेबलावर पडलेल्या फोनमधून आत्याचा आवाज येत होता, बारीक, तिचं नाव घेत. ती ओरडली. गल्लीतला भांड्यांचा आवाज क्षणभर थांबला आणि पुन्हा सुरू झाला. कोपरांवर जोर देऊन ती बाहेरच्या दाराकडे थोडी सरपटली.

शेठ जिना उतरून आला आणि बाहेरच्या दाराच्या आणि तिच्या मध्ये बसला. तिनं हात उगारला तरी हलला नाही.

भुरी मागून आली, पावलांचा आवाज न करता. मोडलेल्या पायाशी थांबली आणि पंजानं त्याला हलकेच टोचलं. दातवाली कळवळली, पाय हलला. भुरीनं मान तिरकी करून बघितलं आणि पुन्हा एकदा टोचलं. मग समाधान झाल्यासारखी बसली.

"भुरी," दातवाली म्हणाली. "भुरी, बाळा, मी आहे."

भुरीनं तिच्याकडे पाहिलं नाही. तिनं अडगळीच्या दाराकडे तोंड केलं आणि हाक मारली. घुमती, गोल. थांबली. पुन्हा मारली.

दार आतून उघडायला लागलं. उघडणारा हात दातवालीला दिसला नाही. अंधारात जमिनीलगत एक चेहरा वर उचलला गेला, आणि तिनं सवयीनं, आयुष्यभराच्या खोडीनं, आधी तोंडच पाहिलं.

वरचेही आले होते.